पीआरवर थांबायचं की नागरिकत्व घ्यायचं? पासपोर्ट बदलण्याआधीचा हिशेब

ग्रीन कार्ड किंवा पीआर, म्हणजे परदेशात कायम राहण्याचा परवाना, मिळून चार-पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करायचा का, हा विषय घरात निघतोच. मुंबईहून फोनवर लगेच दोन प्रश्न येतात: फ्लॅटचं काय होणार, आणि गावच्या जमिनीचं काय? या दोन्हींवर नागरिकत्वाचा परिणाम लोकांना वाटतो त्याहून बराच कमी होतो. ज्या गोष्टी खरोखर बदलतात, त्या मात्र बहुतेकांना शपथ घेऊन झाल्यावर कळतात.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाला दुसरा पासपोर्ट चालतो, जर्मनीलाही २७ जून २०२४ पासून चालतो. अडसर आपल्या कायद्याचा आहे. त्यामुळे कायमचा, बिनशर्त हक्क एकाच देशात ठेवता येतो. पीआर असताना तो हक्क भारतात असतो आणि परदेशात राहायला अटी असतात. नागरिकत्व आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात राहू देणारं कार्ड) घेतलं की तिकडच्या अटी जातात आणि इकडे लागतात. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत यातल्या कुठल्या अटी तुमच्या हातून मोडण्याची शक्यता जास्त आहे, एवढंच तपासायचं आहे.

पहिलं काम: दिवसांचा तक्ता

निर्णयाची चर्चा सुरू करण्याआधी गेल्या पाच वर्षांतली प्रत्येक भारतवारी लिहून काढा: निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, देश. पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास आणि विमान कंपनीचे ईमेल ताडून बघा, कारण आठवणीवर भरलेल्या तारखा हमखास चुकतात. अमेरिका आणि कॅनडात निघाल्याचा व परतल्याचा दिवस हजेरीत धरला जातो. या तक्त्यातून दोन उत्तरं मिळतात: अर्जाची पात्रता कधी येते, आणि पीआर टिकवणं तुम्हाला कितपत जड जातंय.

अमेरिकेत ग्रीन कार्डनंतर पाच वर्षं (अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन सोबत राहत असाल तर तीन) आणि त्यातले निदान निम्मे दिवस, म्हणजे पाच वर्षांत ३० महिने, प्रत्यक्ष देशात हवेत. एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज मुदतीच्या ९० दिवस आधी भरता येतो. एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात आणि तुटलं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर ते तुटतंच. इथे बरेच जण री-एन्ट्री परमिटवर विसंबून राहतात. ते साधारण दोन वर्षांपर्यंत परत येण्याची सोय करतं, पण नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य वाचवत नाही.

कॅनडात पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस आणि नागरिकत्वाला अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात. पीआरच्या आधी विद्यार्थी किंवा वर्क परमिटवर काढलेला दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. बरोबर १,०९५ व्या दिवशी अर्ज टाकू नका. एक वारी मोजायची राहिली तरी अर्ज बाद होतो, म्हणून महिनाभराची शिल्लक ठेवा. पाचपैकी तीन वर्षांची कर-विवरणपत्रंही भरलेली हवीत.

ऑस्ट्रेलियात पीआरवर प्रवासाची सोय पाच वर्षांचीच असते. पुढे रिटर्न व्हिसा लागतो, आणि तो पाच वर्षांसाठी हवा तर मागच्या पाचात दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. नागरिकत्वाला चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर, आणि गैरहजेरी एकूण १२ महिन्यांच्या व शेवटच्या वर्षात ९० दिवसांच्या आत हवी. ब्रिटनमध्ये सेटलमेंट (तिथला पीआर) मिळाल्यावर सलग दोन वर्षं बाहेर राहिलात तर ती रद्द होते. जर्मनीचा कायम परवाना साधारणपणे सहा महिन्यांतच जातो.

आता हे आकडे घरच्या परिस्थितीशी लावून बघा. डोंबिवलीत आई-वडील दोघंच आहेत, वय पंचाहत्तरच्या पुढे, आणि तुम्ही एकुलते एक किंवा भावंडंही परदेशात. अशा घरात कधीतरी आठ-दहा महिने सलग मुंबईत राहण्याची वेळ येते: हिप फ्रॅक्चर, पक्षाघात, मग एकट्या उरलेल्या पालकाची व्यवस्था. पीआर नेमका इथे अडचणीत येतो. ऐकायला उलटं वाटेल, पण आई-वडिलांजवळ लांब मुक्काम करता यावा यासाठीच अनेकांना परदेशी नागरिकत्व सोयीचं पडतं. ओसीआयवर मुंबईत कितीही दिवस राहता येतं, पोलिसांत नोंदणी लागत नाही, आणि तिकडचं दार बंद होत नाही. याउलट पाच-सात वर्षांत कायमचं परतायचं पक्कं असेल आणि पुन्हा तिकडे राहायला जायचं नसेल, तर पासपोर्ट बदलण्याची घाई कशाला?

फ्लॅट, जमीन आणि बँक

बँक, गुंतवणूक आणि मालमत्तेचे भारतीय नियम मुख्यतः तुम्ही कुठे राहता यावर चालतात. देश सोडून तिकडे स्थायिक झालात तेव्हाच तुम्ही एनआरआय झालात. बचत खातं एनआरओ (अनिवासींसाठीचं खातं) करणं, नवीन पीपीएफ न उघडता येणं, भाडेकरूने तुमच्या भाड्यातून जास्त दराने टीडीएस कापणं, हे सगळं पीआर असतानाच लागू झालेलं आहे. अजूनही दादरच्या शाखेतलं साधं बचत खातं निवासी म्हणून वापरत असाल तर ती चूक आजची आहे; नागरिकत्वाशी तिचा संबंध नाही. आधी ती निस्तरा.

मुलुंडचा फ्लॅट ओसीआयधारक म्हणून ठेवता येतो, विकता येतो, लिव्ह अँड लायसन्सवर देता येतो, नवाही घेता येतो. ओसीआय न घेता नुसता परदेशी पासपोर्ट ठेवलात तर मात्र नवीन खरेदी अडते. ‘ओसीआय बघू नंतर’ ही टाळाटाळ म्हणून महागात पडते.

शेतजमिनीचा मुद्दा थोडा बारीक आहे. भारतीय पासपोर्टवरचा एनआरआयसुद्धा शेतजमीन, फार्महाऊस किंवा बागायत विकत घेऊ शकत नाही. वारसाने मात्र एनआरआय आणि ओसीआय दोघांनाही मिळते. रत्नागिरीतल्या सातबाऱ्यावर आजोबांनंतर वारस नोंद करून तुमचं नाव चढायचं असेल, तर परदेशी नागरिकत्वामुळे तो हक्क जात नाही. पुढे ती विकायची किंवा बक्षीस द्यायची तर ती भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच देता येते. न्यू जर्सीतल्या बहिणीने टोरांटोतल्या भावाच्या नावे शेतजमिनीचं बक्षीसपत्र करणं बसत नाही. घराच्या बाबतीत चालतं. कोकणातल्या जमिनींना वीस-वीस सहहिस्सेदार असतात, त्यामुळे वाटप आणि फेरफार शपथेआधी मार्गी लावता आले तर उत्तम. मुख्य कारण कागदांवरच्या नावाचं आहे, त्याकडे पुढे येऊ.

खरा फरक परतल्यावर दिसतो. भारतीय नागरिक मुंबईत कायमचा परतला आणि महाराष्ट्राच्या कायद्यानुसार शेतकरी असेल, तर कर्जत किंवा अलिबागला शेतजमीन घेऊ शकतो. ओसीआयधारकाला परतल्यावरही ते दार बंद. त्याने बिगरशेती प्लॉट शोधायचा. निवृत्तीनंतर आमराई लावण्याचं स्वप्न असणाऱ्यांनी हा एकच मुद्दा लाल शाईने लिहून ठेवावा.

ओसीआयमध्ये काय नाही

मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, निवडणूक लढवणं नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. (एनआरआय म्हणून फॉर्म ६ए भरून मतदार होता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष मुंबईतल्या केंद्रावर यावं लागतं. जे कधी आलेच नाहीत त्यांनी या मुद्द्याला किती वजन द्यायचं ते प्रामाणिकपणे ठरवावं.) पत्रकारिता, संशोधन आणि धर्मप्रचाराच्या कामाला वेगळी परवानगी लागते. कमी बोललं जातं ते पुढचं.

मुलांचं शिक्षण. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय विद्यार्थ्यांना नीट, जेईईमधून फक्त एनआरआय किंवा अतिरिक्त जागांवर प्रवेश मिळतो. भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर नाही. त्या तारखेआधी ओसीआय झालेल्यांचा जुना हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवला, पण आज कार्ड घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. मुलं दहावीआधी मुंबईत परतणार असतील आणि डॉक्टर व्हायचं मनात असेल, तर सरकारी कॉलेजची फी आणि एनआरआय जागेची फी यांतला फरक हा तुमच्या निर्णयाचाच खर्च आहे. ग्रीन कार्डवर अमेरिकेत तुमच्यासोबत राहणारं अठरा वर्षांखालचं मूल तुमच्या नागरिकत्वाबरोबर आपोआप अमेरिकन होतं. त्याचा वेगळा विचार करायला थांबता येत नाही. कॅनडात मुलाचा अर्ज स्वतंत्र असतो.

देणग्या. भारतीय नागरिक असलेल्या एनआरआयने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. ओसीआयधारकाची धरली जाते, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी. आपली शाळा, गावचं मंदिर, चाळीतलं गणेशोत्सव मंडळ यांच्याकडे ती बहुतेकदा नसते. वर्षानुवर्षं सवयीने पैसे पाठवणारा माणूस शपथेनंतर तसेच पाठवतो आणि अडचणीत मंडळ येतं. नातेवाइकांना पैसे पाठवण्यावर ही बंधनं नाहीत.

नोकरी. परतून मुंबईत नोकरी धरलीत तर भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत परदेशी पासपोर्टवाला ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ ठरतो. वर्गणीला १५,००० रुपयांची मर्यादा न राहता ती पूर्ण पगारावर कापली जाते, आणि ज्या देशाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार नाही (अमेरिका त्यात येते) तिथल्या नागरिकाला ती रक्कम साधारण ५८ व्या वर्षापर्यंत काढता येत नाही. यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. ऑफर स्वीकारण्याआधी कंपनीच्या एचआरला विचारून घ्या.

आणि ओसीआय रद्द होऊ शकतं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार दोन वर्षं किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली, किंवा सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं, तरी नोंदणी रद्द करता येते. सामान्य माणसाला याची धास्ती बाळगायचं कारण नाही. पण ज्या घरात मालमत्तेवरून भाऊबंदकी फौजदारी तक्रारींपर्यंत गेली आहे, तिथे वकिलाशी बोलूनच पुढे जावं.

अमेरिकेचं प्रकरण वेगळं

कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात कर वास्तव्यावर लागतो, म्हणून नागरिक झाल्याने कर वाढत नाही. अमेरिका मात्र नागरिकाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर मागते, तो कायमचा ठाण्यात राहत असला तरी. दरवर्षी विवरणपत्र, परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (त्या खात्यांची माहिती देणारा अहवाल), आणि भारतीय म्युच्युअल फंडांवर अत्यंत किचकट व जाचक कर. मुंबईत राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाकडून गुंतवणूक घ्यायला काही फंड कंपन्या नकारही देतात.

ग्रीन कार्डवरही जगभरचा कर आहेच, पण ते परत करून त्यातून बाहेर पडता येतं. यात आठ वर्षांची मेख आहे. मागच्या १५ करवर्षांपैकी आठ वर्षांत ग्रीन कार्ड असेल, तर ते परत करतानाही नागरिकत्व सोडणाऱ्यासारखेच निर्गमन-कराचे (अमेरिकेच्या करव्यवस्थेतून बाहेर पडताना लागणाऱ्या कराचे) नियम लागतात. निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर किंवा जास्त असेल तर त्या कराची शक्यता येते, आणि त्यात दादरचा फ्लॅटही मोजला जातो. परतायचं ठरलंच असेल तर सातव्या वर्षाच्या आत निर्णय घ्या. आठ वर्षं उलटून गेली असतील तर ‘कर टाळायला ग्रीन कार्डवरच थांबतो’ या युक्तिवादात फारसा दम राहत नाही.

दुसरी बाजूही अमेरिकेतच सर्वांत ठळक आहे. ग्रीन कार्डवर जोडीदार आणि अविवाहित मुलांनाच बोलावता येतं. आई-वडिलांना कायमचं न्यायचं असेल तर २१ वर्षांवरचा नागरिकच अर्ज करू शकतो, आणि त्याला रांग नाही. भावंडांसाठी अर्ज करता येतो, पण भारतातून येणाऱ्यांची प्रतीक्षा दीड दशकाच्या वर जाते. त्या आशेवर नागरिकत्व घेऊ नये. आई-वडिलांच्या बाबतीत त्यांना आधी विचारा. ग्रीन कार्डवर त्यांनाही वर्षाचा बहुतेक काळ तिथेच काढावा लागतो, आणि शिवाजी पार्कवर रोज संध्याकाळी भेटणारी मंडळी तिथे नसतात. वर्षातून चार-पाच महिने येणाऱ्यांना व्हिजिटर व्हिसाच बरा.

दोघांनी एकदम घ्यायलाच हवं असं नाही

एकाने नागरिकत्व घ्यावं आणि दुसऱ्याने भारतीय पासपोर्ट व पीआर ठेवावा, हा पर्याय अनेक घरांना नीट बसतो. नागरिक झालेला जोडीदार पुढे दुसऱ्याला पुन्हा बोलावू शकतो. भारतीय राहिलेला जोडीदार परतल्यावर शेतजमीन घेऊ शकतो, त्याला देणग्यांची अडचण येत नाही. ज्याच्या आई-वडिलांसाठी लांब मुक्काम करावा लागणार आहे, त्याने आधी नागरिकत्व घ्यावं. हे उलटं केलंत तर पीआर गमावण्याची पाळी नेमकी त्याच्यावरच येते.

ठरलं असेल तर क्रम

शपथेचा दिवस हाच भारतीय नागरिकत्व संपण्याचा दिवस, नवा पासपोर्ट येण्याचा नव्हे. त्या दिवसानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा पासपोर्ट कायदा, १९६७ खाली गुन्हा आहे, मग त्यावर व्हॅलिडिटी दहा वर्षांची का शिल्लक असेना.

सर्वांत धोकादायक काळ शपथेनंतरच्या काही आठवड्यांचा. अमेरिकेत शपथविधीलाच ग्रीन कार्ड परत घेतात. नव्या पासपोर्टच्या अर्जासोबत मूळ नागरिकत्व प्रमाणपत्र जातं. म्हणजे हातात ग्रीन कार्ड नाही, अमेरिकन पासपोर्ट नाही आणि भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही. त्याच आठवड्यात मुंबईहून हॉस्पिटलमधून फोन आला तर? म्हणून गणपतीची तिकिटं किंवा भाचीचं लग्न शपथेच्या मागे-पुढे दोन-तीन महिने ठेवू नका. तारीख गैरसोयीची आली तर लेखी कारण देऊन ती बदलून मागता येते. तातडीची वेळ आलीच तर पासपोर्ट एजन्सीतून जीवनमरणाच्या कारणासाठी तत्काळ पासपोर्ट आणि भारताचा ई-व्हिसा, हा मार्ग.

नेहमीचा क्रम असा: भारतीय पासपोर्टच्या सर्व पानांचे रंगीत स्कॅन, जुने रद्द पासपोर्टही, शपथ, नवा पासपोर्ट, भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआयचा अर्ज. सर्टिफिकेटशिवाय ओसीआय पुढे सरकत नाही. परदेशातून ओसीआयची फी २७५ डॉलर. अर्ज राहत्या देशातूनच करा. मुंबईत सुट्टीवर येऊन करण्याचं काम नाही. मुलांच्या अर्जात दोन्ही पालकांच्या सह्या लागतात, आणि तिथेच सर्वांत जास्त अर्ज अडकतात. विशीच्या आत ओसीआय घेतलेल्याला विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट घेतला की कार्ड एकदा नव्याने काढावं लागतं. त्याआधी प्रत्येक नव्या पासपोर्टला, आणि पन्नाशीनंतर एकदा, पासपोर्ट व फोटो संकेतस्थळावर चढवायचे असतात.

नाव

मराठी माणसाचं घोडं इथे हमखास अडतं. भारतीय पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, परदेशात मधलं नाव गळालेलं, बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं अशी दोन नावं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर चौथंच स्पेलिंग. शपथेच्या वेळी अमेरिकेत नाव बदलायची संधी मिळते. हौसेने ते आखूड करू नका. बदलायचंच असेल तर भारतीय पासपोर्ट, पॅन, शेअर सर्टिफिकेट आणि सातबाऱ्यावरचं नाव ज्याच्याशी जुळेल तेच घ्या. उरलेल्या फरकासाठी ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र शपथेआधीच करून ठेवा.

मुंबईतल्या भावाला किंवा मेहुण्याला दिलेलं कुलमुखत्यारपत्र नागरिकत्व बदलल्याने रद्द होत नाही, पण त्यातला पासपोर्ट क्रमांक बाद झालेला असतो आणि बँक, सोसायटी, दुय्यम निबंधक तिघंही त्यावर बोट ठेवतात. नवं करायचं तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या किंवा नोटरी करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र) लावा. कॅनडातही जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल मिळतं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. टपालाचं पाकीट जपून ठेवायला सांगा, तारखेचा पुरावा तोच.

मग बँक, डीमॅट आणि फंडांना नवा पासपोर्ट व ओसीआय कळवा. पॅन तेच राहतं. मतदार यादीत नाव असेल तर फॉर्म ७ भरून काढून टाका. परदेशी नागरिकाचं नाव यादीत असणं हाच दोष आहे, मत दिलं नसलं तरी.

परतीची वाट अगदीच बंद नाही. ओसीआय म्हणून पाच वर्षं नोंदणी आणि अर्जाआधी भारतात बारा महिने वास्तव्य झालं की कलम ५(१)(जी) खाली पुन्हा भारतीय नागरिकत्व मागता येतं, परदेशी नागरिकत्व सोडण्याच्या तयारीने. मंजुरी केंद्र सरकारच्या हातात असते आणि वेळ लागतो, त्यामुळे तिला योजनेचा पाया करू नये. अमेरिकन नागरिकाने या वाटेला लागण्याआधी वर सांगितलेला निर्गमन-कर तपासून घ्यावा.